वह्यांची वर्गणी आणि पिंट्याचा व्हिडिओ

सुभेदारांनी आधी सगळ्यांचा चहा सांगितला आणि मग खिशातून वही काढली. वर्गणीचा नुसता वास आला तरी औशाच्या मोंढ्यातला आमचा कट्टा रिकामा होतो, हे त्यांना ठाऊक. फौजी डोकं. हातात गरम ग्लास घेऊन पळणार कुठं?

"मिझोरमात चंफाईकडं म्यानमारातनं पळून आलेल्या पोरांसाठी. वह्या अन् स्वेटर. झोखावथरच्या एका मास्तरला मी ओळखतो," एवढंच ते म्हणाले. आसाम रायफल्समध्ये असताना ते तिथं सीमेवरच्या तिआऊ नदीवर होते. ती नदी आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ओलांडलीय की आता तेरणेपेक्षा ओळखीची वाटते.

पिंट्या उसळलाच. "म्यानमारची पोरं? आन् आपल्या पोरांचं काय? आपले शेतकरी मरायलेत. माझ्याकडं व्हिडिओ हाय."

पिंट्याकडं सगळ्याचा व्हिडिओ असतो. दाखव म्हटलं की रेंज नसते.

"आपल्या पोरांना तू काय दिलंस ते सांग की," दिगंबर म्हणाला. "पैशाचं ऱ्हाऊ दे. जुनी चप्पल तरी?"

दिगंबर किल्लारीकडचा. १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास पोरं शिकायला पुण्याला नेली, त्यातला हा एक. आता मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कमी बोलतो, पण बोलला की समोरच्याची कॉइल जळते.

"ते आपलेच होते," पिंट्या म्हणाला. "हे बाहेरचे. कायदा हाय का न्हाई काही?"

प्रश्न तसा वाजवी होता, पिंट्याच्या तोंडून आला म्हणून काय झालं. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सहीच नाही. शरणार्थ्यांसाठी वेगळा कायदाही नाही.

"पत्र आलंवतं की दिल्लीचं, यांना येऊ देऊ नका म्हणून," सुभेदार म्हणाले. "झोरामथांगा तवा मिझोरमचे मुख्यमंत्री होते. त्यांनी उलट पंतप्रधानांनाच लिहिलं, आमचेच भाऊबंद हायत. अन् खरंच हायत. नदीच्या अल्याड-पल्याड एकच जमात. फेब्रुवारी २०२१ ला तिकडं लष्करानं सत्ता घेतली अन् माणसं नदी उतरून आली. ३० हजारांच्या वर गेली पुढं. पोरांना सरकारी शाळेत घ्या, असा आदेशबी राज्यानं त्याच वर्षी काढला. पर आदेशातून वही येत न्हाई ना."

"मग खायाला कोण घालायलंय?" अण्णांनी विचारलं. आडत्याला आधी धान्य दिसतं.

"गावं. यंग मिझो असोसिएशन, चर्च. तिथली बाई प्रत्येक सैपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढती. बुहफाई थाम म्हणत्यात. शंभर वर्षांच्या वर झालं हे. त्यांना वर्गणी शिकवावी लागत न्हाई."

"स्वेटर पाठवा, पर मापं मागवून नवे पाठवा," दिगंबर म्हणाला. "आमच्याकडं ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले. माझ्या आज्यानं हिवाळाभर कुण्या साहेबाचा कोट घालून म्हशी राखल्या. म्हशी बुजायच्या."

अण्णा हसले, पण वहीत आकडा टाकेनात. "पावती कुणाच्या नावाची?"

त्या संध्याकाळचा खरा प्रश्न एवढाच होता, असं माझं मत. सुभेदारांनी तयारी केलेली. पैसे रोख कुणाला द्यायचे नाहीत, वह्या चंफाईच्या दुकानातूनच घ्यायच्या, बिलाचा फोटो इथं. सत्तारभाई म्हणाले, गणवेश लागत असले तर कापड आणा, शिलाई माझ्याकडं.

"अण्णा, तुमचा आज्जा रझाकारीत बार्शीला पळाला, तवा कुणी पावती मागितलीवती का?" दिगंबरनं टोला हाणला.

"मागाय पायजे होती! म्हातारा मरेपर्यंत सांगायचा, बार्शीत काय काय खाल्लं. कुणी घातलं, ते इसरला." आणि अण्णांनी ५०० लिहिले. मग पिंट्याकडं वळून, "हिशोबावरून आठवलं. गणपतीचा दे की. डीजेवाला अजून माझ्याच दुकानावर येतो."

"विषय भरकटवू नका!"

"मंडळाचा खजिनदार तूच की रं?"

"मी देतो ५०१," पिंट्या घाईनं म्हणाला, "पर बॅनरवर फोटो पायजे."

"लावू. मदत करणाऱ्यांत का घेणाऱ्यांत?" दिगंबर म्हणाला. "बायकोशी भांडून दोन म्हैने झाले, सासरवाडीत पडलायस. खरा आश्रयाला आलेला तूच हायस."

"ती इकडं अन् ह्यो तिकडं?" सत्तारभाईंना हे नवीन होतं. "अर्ज केलायस का मग रीतसर?"

"केलाय," अण्णा म्हणाले. "सासऱ्यानं सही केली न्हाई अजून. काम करायची परवानगी दिलीय, पर हाच करंना."

पिंट्याला ठसका लागला. चहा सुभेदारांच्या वहीवर.