तीन दिवसांची बिअर

इंग्लंडमध्ये आलेल्या मराठी पाहुण्याची पबमधली पहिली तक्रार ठरलेली असते: "ही तर कोमट आहे, आणि हिच्यात गॅसही नाही." तक्रार समजण्यासारखी आहे. चिल्ड बाटली, उघडताच वर येणारा फेस आणि घशाला चावणारा गॅस एवढीच बिअरची ओळख असेल, तर ११ ते १३ अंश सेल्सिअसवर दिलेली रिअल एल, म्हणजे इथली पारंपरिक पिंपातली बिअर, पहिल्या घोटाला मिळमिळीत लागते. पण ती कोमट नसते, तळघराइतकी गार असते. त्याहून थंड केली की जीभ बधिर होते, आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचा, खरपूस गोडवा आणि हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा दोन्ही हरवतात.

महाराष्ट्रातला दारूचा वाद इथून वाचताना ही तक्रार आठवत राहते. तिकडे किंमत किती, दुकानं किती, महसूल किती, बंदी हवी की नको, यावर रान उठतं. ग्लासात नेमकं काय आहे, किती टक्क्यांचं आहे आणि ते कुणी कसं सांभाळलं, हे कुणी विचारत नाही. ते आधी विचारायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

रिअल एल कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असतं. ती बारीक गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते. पिंपात, म्हणजे कास्कमध्ये, ती दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरचा कार्बन डायऑक्साइड न लावता त्याच पिंपातून ग्लासात येते. कोकणात माडी उतरवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. झाडावरून उतरवलेली माडी ताजी असताना गोड, मग फसफसती आणि ठेवली तर आंबट. पिंप उघडल्यापासून तीन दिवस, एवढंच रिअल एलचं आयुष्य.

त्या तीन दिवसांआधीची मेहनत तळघरात होते. नेहमीचं पिंप फर्किन: ९ गॅलन, ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. इथला पाइंट ५६८ मिलिचा, आपल्याकडच्या ३३० मिलिच्या 'पाइंट'शी गल्लत नको. पिंप आडवं ठेवून खाली पाचरी मारतात, म्हणजे ते हलत नाही आणि गाळ पोटात बसतो. वरच्या बाजूला शाइव्ह नावाचं बूच असतं. ते स्वच्छ पुसून त्यात सच्छिद्र लाकडाची किंवा बांबूची मऊ खुंटी हातोडीनं ठोकतात. आतला जादा वायू तिच्यातून निघतो आणि खुंटीच्या डोक्यावर फेस साचतो. तो पुसायचा आणि परत किती वेळात येतो ते बघायचं. लगेच आला तर आंबणं अजून जोरात आहे. काही सेकंद लागले तर मऊ खुंटी काढून टणक लाकडाची घट्ट खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. मग समोरच्या बाजूच्या बुचावर, म्हणजे कीस्टोनवर, तोटी ठेवून लाकडी मोगरीचा एकच सणसणीत घाव. तोटी आधी बंद आहे ना, हे तपासायचं, नाहीतर बिअर जमिनीवर. त्यानंतर ती एक दिवस तरी शांत राहू द्यायची, नमुना काढून उजेडात धरायचा, हुंगायचा, चाखायचा, आणि मगच विक्रीला लावायची.

विक्री चालू असताना घट्ट खुंटी काढतात, कारण निघालेल्या बिअरच्या जागी हवा यावी लागते. रात्री पब बंद करताना ती परत ठोकतात. ठोकायला विसरलं तर सकाळी बिअर मेलेली, म्हणजे सपाट. काढायला विसरलं तर आत निर्वात होतो आणि वरचा हातपंप ओढता ओढत नाही. पिंप अर्ध्यावर आलं की मागून हळूच उचलून तिरकं करायचं, तेही विक्री संपल्यावर, म्हणजे गाळ पुन्हा बसायला रात्र मिळते. नळ्या दर सात दिवसांनी अल्कलीच्या द्रावणानं धुवून साध्या पाण्यानं खळखळून काढायच्या.

बिअर बिघडली तर दोष चवीवरून ओळखता येतो. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर पिंप फार दिवस उघडं राहिलं आणि हवेबरोबर ॲसेटिक जिवाणू शिरले. लोण्याचा वास आला तर बहुधा आंबताना तयार होणारं डायअॅसिटिल उरलेलं, म्हणजे आंबणं पुरतं होण्याआधीच ती बाहेर काढलेली. हिरव्या सफरचंदाचा वासही कच्चेपणाचाच. गढूळपणाची कारणं मात्र अनेक. गाळ हलला असेल. तळघर फार थंड झालं असेल, तर प्रथिनांचं धुकं दिसतं आणि तापमान वाढलं की जातं. तळघर फार तापलं तर गाळ बसवणारं आयसिंग्लासच निकामी होतं. हे आयसिंग्लास माशांच्या पोटातल्या वायुपिशवीपासून काढलेलं कोलॅजन असतं. त्याच्यावरचा धन भार यीस्टच्या ऋण भाराला ओढून घेतो आणि सगळं तळाशी जातं. २० अंशांच्या वर त्याची घडण मोडते, मग ती बिअर कितीही दिवस ठेवली तरी निवळत नाही. शाकाहारी मंडळींनी 'अनफाइन्ड', म्हणजे आयसिंग्लास न घातलेली, असं लिहिलेली बिअर मागावी. ती जरा धूसर दिसते, पण आता बऱ्याच ठिकाणी मिळते.

बिघडलेला पाइंट परत करायला इथे कुणी संकोचत नाही. दोन घोटांत सांगितलं तर चांगला पब दुसरा देतो. आधी थोडी चाखायला मागितली तरी देतात.

कुठून सुरुवात करावी, याबाबत माझी आवड सांगतो. लुईस गावच्या हार्वीजची ससेक्स बेस्ट, ४ टक्के: कोरडी, बिस्किटासारखी, संपता संपता कडवट. किथलीच्या टिमोथी टेलरची लँडलॉर्ड, ४.३ टक्के. हिच्या पिंपाला इतरांपेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात, घाई केलेल्या पबात ती कच्ची लागते. लंडनमध्ये फुलर्सची लंडन प्राइड, पिंपातली ४.१ टक्के, बाटलीतली त्याहून कडक. आणि कुठे माइल्ड दिसली तर सोडू नये. बहुतेक वेळा साडेतीन टक्क्यांच्या आसपासची, गडद, भाजलेल्या माल्टची ही बिअर आता दुर्मीळ होत चालली आहे. तिखट खाण्याबरोबरही या बिअर छान जमतात आणि त्याला कारण आहे. कार्बन डायऑक्साइड जिभेला टोचतो आणि मिरचीची आग वाढवतो. लागरच्या, म्हणजे नेहमीच्या बाटलीतल्या थंड बिअरच्या, निम्म्याच्या आसपास वायू पिंपातल्या बिअरमध्ये असतो. फार कडवट हॉप्सही मिरची भडकवतात, म्हणून झणझणीत सुक्या मटणाबरोबर इंडिया पेल एल नको, माइल्ड बरी.

त्या इंडिया पेल एलच्या नावातला इंडिया खरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या बो भागातला हॉजसन आणि पुढे बर्टन या इंग्लिश गावचे कारखानदार ही बिअर लाकडी पिंपांतून जहाजानं हिंदुस्थानात पाठवत. चार-सहा महिन्यांच्या प्रवासात ती पिंपातच मुरत असे. ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही गोष्ट मात्र खरी नाही. कडक, हॉप्सयुक्त पेल एल आधीपासून होत्या आणि गोरे शिपाई मोठ्या प्रमाणावर पोर्टर पीत.

आता घरचा हिशेब. ३.८ टक्क्यांच्या इथल्या एका पाइंटमध्ये २१.६ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ८ टक्क्यांच्या ६५० मिलि स्ट्राँग बाटलीत ५२ मिलि. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलि क्वार्टरमध्ये ७७ मिलि. म्हणजे एका क्वार्टरमध्ये साडेतीन पाइंट. एक पाइंट घेऊन दोघं तास-दीड तास गप्पा मारू शकतात. क्वार्टर मात्र दुकानामागे उभ्यानं संपते.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा वर्ग काढला, १८० मिलिला किमान १४८ रुपये. बिअर आणि वाइनला त्या वाढीतून वगळलं, हे बरं झालं. पण सगळी चर्चा तिजोरीत किती हजार कोटी येणार याचीच. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, १,००० चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन ठेवण्याचा निर्णय झाला तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर भांडण जुंपलं आणि निर्णय बारगळला.

गावागावांत आडव्या बाटलीसाठी मतदान करणाऱ्या बायकांशी माझा वाद नाही. त्यांच्या घरात जे येतं ते स्वस्त आणि कडक असतं, आणि त्यांचा राग रास्त आहे. म्हणूनच कर अल्कोहोलवर लावायला हवा. ब्रिटननं १ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्याच मद्यांना तेच लावलं. तेव्हा ३.५ टक्क्यांखालच्या बिअरला शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ९.२७ पौंड दर होता, त्यावर ८.५ टक्क्यांपर्यंत २१.०१ पौंड. त्या दरानं ३.४ टक्क्यांच्या पाइंटवर साधारण १८ पेन्स शुल्क बसत होतं, ४ टक्क्यांच्या पाइंटवर ४८. त्यामुळे कारखानदार आपणहून सौम्य बिअर काढू लागले. शिवाय २० लिटर किंवा मोठ्या पिंपातून पबमध्ये ओतली जाणारी बिअर असेल तर शुल्कात सूट, म्हणजे घरी एकट्यानं कॅन रिचवण्यापेक्षा चार लोकांत बसून पिण्याला झुकतं माप. स्कॉटलंडनं आणखी पुढे जाऊन २०१८ पासून १० मिलि अल्कोहोलच्या प्रत्येक युनिटला किमान किंमत ठरवली. ती आधी ५० पेन्स होती, सप्टेंबर २०२४ पासून ६५ आहे. ब्रिटनचा दारूचा प्रश्न यानं सुटलेला नाही. सुपरमार्केटचे स्वस्त कॅन आहेतच, आणि पब बंद पडत आहेत. पण दिशा योग्य आहे. आपल्याकडे बिअरची रेघ पाच टक्क्यांवर, खाली 'माइल्ड' (ही इंग्लिश माइल्ड नव्हे), वर स्ट्राँग. ३.५ टक्क्यांची बिअर काढणाऱ्याला त्यात काही वेगळी जागा नाही.

इथे हे घडण्यामागे पिणाऱ्यांची संघटना आहे. १९७१ मध्ये चार तरुणांनी कॅम्रा, म्हणजे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', सुरू केली, कारण मोठ्या कंपन्या पिंपं काढून गॅसच्या टाक्या लावत होत्या. आम्ही गिऱ्हाईक आहोत, आम्हाला चांगली बिअर हवी, एवढं त्यांनी मोकळेपणानं म्हटलं. महाराष्ट्रात उत्पादक बोलतात, सरकार बोलतं, बंदीवाले बोलतात. जबाबदारीनं पिणारा गप्प बसतो, कारण पितो म्हणायचीच त्याला चोरी.

पुण्यात हे जमू शकेल. डूलालीनं २००९ मध्ये तिथे मायक्रोब्रूअरी काढली, त्यानंतर कितीतरी आल्या, आणि एल बनवणारे कसबी हात शहरात आहेत. फर्किन नको, पिन घ्यावं: साडेचार गॅलन, २० लिटर, ३६ पाइंट. एका शनिवार-रविवारात संपेल इतकंच. उन्हाळ्यात खोली १२ अंशांवर ठेवायला वातानुकूलन पुरेनासं झालं तर पिंपाला थंड पाण्याचं जॅकेट चढवावं. आयसिंग्लास उन्हात टिकणार नाही, त्यामुळे अनफाइन्डच बनवावी आणि फळ्यावर तसं लिहावं. साडेतीन टक्क्यांची माइल्ड, बुधवारी मऊ खुंटी, गुरुवारी तोटी, शुक्रवारी संध्याकाळी पहिला पाइंट. रविवारी रात्री उरली तर ओतून द्यायची, सोमवारी विकायची नाही.