‘यंत्राची कुंडली’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब,

वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूचा एमआरआय काढावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर जास्त आला. म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

आधी चूक कबूल करते. ख्राइस्टचर्च आणि मेलबर्नच्या बाळांवरचा जो अभ्यास २००६ साली छापून आला, त्यात १७० बाळं होती असं मी लिहिलं होतं. होती १६७. दुरुस्त केलंय.

आता तुमचं ते वाक्य : ‘ताई, एमआरआय बघून बाळाचं भविष्य सांगणं म्हणजे यंत्राची कुंडली, आणि भावुक आयांनी त्यात पडू नये.’ हे ‘ताई’ कुठल्या सुरातलं असतं ते मला चांगलं कळतं हो. आणि मुद्दा भक्कम होता, तर ‘भावुक’ची फोडणी कशाला?

कुंडली जन्मवेळेवरून मांडतात, बाळाकडे ढुंकूनही न बघता. इथे बाळाचा मेंदूच बघतात. ३०व्या आठवड्यात किंवा त्याआधी जन्मलेली ही बाळं. बाळंतपणाच्या मूळ तारखेच्या सुमाराला त्यांचा एमआरआय काढला, मेंदूच्या पांढऱ्या भागाला किती इजा झालीय ते पाहिलं आणि दोन वर्षांची झाल्यावर सगळ्यांना पुन्हा तपासलं. २१ टक्के बाळांत मध्यम ते गंभीर दोष होता, आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं), हालचालींत किंवा समजेत मागे पडणं हे त्यांच्यात जास्त दिसलं. आपलं भाकीत खरं ठरलं का, हे बघायला दोन वर्षांनी दारात आलेला ज्योतिषी तुम्ही पाहिलाय? मी नाही.

आणि भावुक म्हणाल तर आहेच. माझी लेक इथे मेलबर्नमध्ये २८व्या आठवड्यात झाली. टाळूवर जेल लावून तीनदा सोनोग्राफी झाली, तिन्ही वेळा ‘नॉर्मल’. मूळ तारखेच्या आठवड्यात एमआरआय. भूल नाही, पोटभर दूध पाजलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कानांवर आवाज अडवणारे बोटभर मफ चिकटवले आणि ती त्या खडखडाटात ढाराढूर झोपली. मी बाहेर तिचं टोपडं मुठीत धरून बसले होते. रिपोर्टमध्ये पांढऱ्या भागात ‘मध्यम’ दोष. पांढऱ्या भागातली पसरलेली बारीक इजा सोनोग्राफीत निसटते, हे तुम्हाला माझ्याकडून कळायची गरज नसावी. त्या रिपोर्टमुळे तिसऱ्या महिन्यातच फिजिओ सुरू झाली. बाविसाव्या महिन्यात पोरगी चालली. फिजिओ नसती तरी चालली असती, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. माझ्याकडे दुसरी लेक नव्हती, ताडून बघायला.

बाकीचे मुद्दे वाचले. समजेत फार मागे पडलेल्या मुलांपैकी ४१ टक्केच त्या स्कॅनच्या जाळ्यात आली, हा एक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली सरसकट एमआरआय नको म्हटलं, हा दुसरा. मी तरी ‘सरसकट करा’ असं कुठे म्हटलंय? (लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात म्हटलंय, आत्ताच बघितलं. लिहिण्याच्या भरात झालं असेल.) टक्केवारीवर पुन्हा कधीतरी, सवडीने. खर्चाचा हिशेब तुम्ही पुण्याचा मांडताय, मी इथलं लिहीत होते.

पुढच्या वेळी नुसतं नाव घेऊन लिहिलंत तरी चालेल. लेखावर छापलेलं आहे.