गोळी चुकवायची नाही म्हणे!

आज पुन्हा एचआयव्हीच्या दहाच दिवसांच्या गोळ्या हातात पडल्या. दहा! खिडकीपलीकडून आवाज, "स्टॉक नाहीये, दहा दिवसांनी बघा." आणि त्याच दमात उपदेश, "एकही डोस चुकवायचा नाही हं, रेझिस्टन्स येतो, मग औषध चालेनासं होतं." अहो बाई, माहितीये मला! नऊ वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही मी. चुकवताय तुम्ही.

तब्येत स्थिर असलेल्यांना तीन ते सहा महिन्यांची औषधं एकदम द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगून ठेवलंय. इथे दहा दिवस. म्हणजे दहा दिवसांनी परत रजा. रजेला कारण काय द्यायचं? दाढदुखी सांगून झाली, आजीचं आजारपण झालं, बँकेचं काम तर तीनदा झालं. आता ऑफिसात कुजबुज आहे की याला काहीतरी भयंकर झालंय. (गंमत म्हणजे झालंय खरंच, पण ते भयंकर कधीच राहिलेलं नाही. रोज एक गोळी. भयंकर आहे ती रांग.)

त्या रांगेबद्दल तर बोलायलाच नको. भिंतीवर मोठ्ठा बोर्ड, 'आपली माहिती गुप्त ठेवली जाईल', आणि बरोब्बर त्याच्याखाली उभं राहून शिपाई बोंबलतो, "एचआयव्हीवाले डावीकडे!" अख्खं आवार माना वळवून बघतं. गुप्त म्हणे.

व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजायला, रक्त देऊन तीन महिने झाले. रिपोर्ट? "आला नाही अजून." हा माझ्यासाठी नुसता कागद नाही हो. औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. २०१९ मध्ये 'पार्टनर' अभ्यासाचे निष्कर्ष आले. एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही, अशी ७८२ समलिंगी जोडपी. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध. त्या जोडीदाराकडून झालेली लागण? शून्य. पण हा शून्य अजून बीपी तपासायला दोन-दोन ग्लोव्ह्ज चढवणाऱ्या हातांपर्यंत पोचलेला नाही. बीपी! दंडाला पट्टा बांधायचाय, एवढंच!

आणि मित्राचं प्रकरण आठवलं की डोकंच फिरतं. शनिवारी मध्यरात्रीनंतर कंडोम फाटला. लागण टाळायची औषधं, पेप, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं, आणि मग २८ दिवस घ्यायची. रविवारी एचआयव्ही केंद्राच्या दाराला कुलूप. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी औषध नाही दिलं, प्रश्न मात्र दिला, "असले उद्योग करायला सांगितलं कुणी?" सोमवारी समुपदेशक रजेवर, "उद्या या." मंगळवारी दुपारी पहिला डोस मिळाला तेव्हा साठ तास होऊन गेले होते. बिचारा घड्याळाकडे बघत बसला होता. सोबत सिफिलिसचीही तपासणी करून टाका म्हटलं, तर ती दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वारी. सुरुवातीलाच सापडला तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनात बरा होणारा आजार, आणि त्याच्यासाठी वेगळा वार, वेगळी खिडकी, वेगळी रांग!

समुपदेशकांवर माझा राग नाही. दोन माणसांचं काम एकटीने ओढणारी बाई रजा घेणार नाही तर काय करणार? तिच्या जागी त्या दिवशी कुणालाच न बसवणाऱ्यांना मात्र एकदा माझ्याबरोबर डावीकडच्या रांगेत उभं करायचंय. शिपायाचा आवाज ऐकवायचाय.

असो. दहा दिवसांनी परत जायचंय. साहेबांना काय सांगू ते कुणीतरी सुचवा. दाढा सगळ्या काढून झाल्यात.