मुखवट्याच्या आधीचा डूम

रॅपर एमएफ डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला इंग्लंडमधल्या लीड्स शहरात वारला. जगाला ते कळलं ३१ डिसेंबरला, त्याच्या बायकोने इन्स्टाग्रामवर लिहिलं तेव्हा. वय ४९. मधले दोन महिने चाहत्यांना पत्ता नव्हता, आणि बातमी आल्यावर अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती की वा, जातानाही शैलीतच गेला. तेव्हापासून दर ऑक्टोबरच्या शेवटी तो घालायचा त्या लोखंडी मुखवट्याची चित्रं, टी-शर्ट आणि कीचेन माझ्या फीडवर फिरायला लागतात. गूढ माणूस, खलनायक, ज्याचा चेहरा कुणी पाहिला नाही असा कलावंत, वगैरे.

मला या गूढपणाच्या कौतुकाचा मनापासून कंटाळा आलाय. चेहरा कुणी पाहिला नाही म्हणे! १९९१ साली तो चेहरा व्हिडिओत सगळ्यांनी पाहिला होता. तो सुरुवातीपासून लपलेला नव्हता. आधी जे घडलं ते गाळून थेट मुखवट्यापासून गोष्ट सांगायची म्हणजे या माणसाचं निम्मं आयुष्य फेकून देणं आहे.

तर आधीचं सांगतो. खरं नाव डॅनियल डूमिले. जन्म लंडनचा, १९७१ चा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. पोरगा अगदी लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आलं आणि तो वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, लाँग बीच गावात. पाठचा भाऊ डिंगिलिझ्वे, दोन वर्षांनी लहान. दोघांनी मिळून केएमडी नावाचा रॅप ग्रुप काढला. डॅनियलचं नाव झेव्ह लव्ह एक्स, धाकट्याचं डीजे सबरॉक. १९८९ मध्ये थर्ड बेस या दुसऱ्या ग्रुपच्या 'द गॅस फेस' या गाण्यात झेव्ह लव्ह एक्सला एक कडवं मिळालं, ते गाजलं, आणि पोरांना इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला. १९९१ ला पहिला अल्बम आला, 'मिस्टर हूड'. भाषा शिकवणाऱ्या जुन्या रेकॉर्डवरचा एक शिष्ट आवाज कापून-जोडून त्यांनी त्याचं पात्रच बनवलंय आणि त्याच्याशी गप्पा मारल्यात. त्यातलं 'पीचफझ' हे गाणं नुकत्या फुटणाऱ्या मिसरुडाबद्दल आहे! वीस वर्षांचा पोरगा, डोळ्यांत मिश्किली, कॅमेऱ्यासमोर बिनधास्त. हाच तो 'चेहरा नसलेला' माणूस.

या अल्बमवर वंशवादाबद्दल भरपूर आहे, पण हसत-खेळत. अमेरिकेत काळ्या माणसाची टिंगल करणारं एक जुनं व्यंगचित्र आहे, जाड ओठांचा 'सॅम्बो'. केएमडीने त्याच्यावर फुली मारून तेच आपलं चिन्ह केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१९९३ च्या एप्रिलमध्ये सबरॉक महामार्ग ओलांडताना गाडीखाली आला. एकोणीस वर्षांचा. दुसरा अल्बम, 'ब्लॅक बास्टर्ड्स', जवळपास तयार होता. थोरल्याने तो एकट्याने पुरा केला. ऐकलात तर कळेल, अख्ख्या अल्बमभर धाकटा जिवंत आहे, बडबडतोय, विनोद करतोय. मेलेल्या भावाचा आवाज स्टुडिओत पुन्हा पुन्हा ऐकत, खालीवर करत मिक्स करणं काय असेल, याचा विचार मी दोनदा केला आणि सोडून दिला.

मुखपृष्ठ त्याने स्वतः काढलं होतं. हँगमॅनचा खेळ आणि फासावर लटकलेला तोच सॅम्बो. अर्थ शेंबड्या पोरालाही कळावा इतका सरळ आहे, हे व्यंगचित्र मेलं पाहिजे. पण १९९४ मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकातल्या एका स्तंभात या चित्रावर टीका छापून आली आणि इलेक्ट्राचे हातपाय गार पडले. त्यालाही कारण होतं. दोनच वर्षांपूर्वी रॅपर आइस-टीच्या 'कॉप किलर' गाण्यावरून पोलीस संघटनांनी टाइम वॉर्नरला जेरीला आणलं होतं आणि इलेक्ट्रा त्याच घरातली कंपनी. म्हणजे काळ्या पोराने वंशवादाविरुद्ध काढलेलं चित्र वंशवादी वाटेल म्हणून त्याचा अल्बम कपाटात गेला आणि करारही संपला. भाऊ गेल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. अल्बम रीतसर बाजारात यायला पुढे सहाएक वर्षं लागली, तोही दुसऱ्याच छोट्या कंपनीकडून.

नंतरची तीन-चार वर्षं तो संगीतातून गायब होता. पुढे त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलं की तो जवळजवळ बेघर होता, मॅनहॅटनमध्ये भटकायचा, बाकड्यांवर झोपायचा.

आणि मग १९९७-९८ च्या सुमारास मॅनहॅटनच्या न्यूयॉरिकन पोएट्स कॅफेत, जिथे कुणीही उठून माइक धरू शकतो अशा ठिकाणी, एक माणूस डोक्यावरून स्टॉकिंग ओढून रॅप करायला लागला. धातूचा मुखवटा वगैरे नंतर. मार्व्हल कॉमिक्समधला डॉक्टर डूम हा खलनायक त्याने उचलला, आडनावातही 'डूम' होताच. रेडिओवाला बॉबिटो गार्सिया याच्या छोट्याशा फाँडल एम लेबलवर १९९९ ला 'ऑपरेशन: डूम्सडे' आला. (नाव इंग्रजीत लिहिताना सगळी अक्षरं कॅपिटल हवीत असा त्याचा दंडक होता, त्यावर गाणंच आहे. देवनागरीने माझी त्यातून सुटका केली.)

आता माझं म्हणणं. रॅपच्या धंद्यात एक अलिखित अट असते: तुझी जखम दाखव. किती गोळ्या लागल्या, किती वर्षं आत होतास, कुठल्या गल्लीतला, बाप सोडून गेला का. जितका चेहरा आणि चरित्र एक, तितका माल अस्सल. आपल्याकडेही धारावी-कुर्ल्याच्या रॅपर पोरांच्या मुलाखती बघा, लय-यमकाबद्दल एक प्रश्न नाही आणि खोली किती बाय कितीची होती याबद्दल दहा. डूमकडे दाखवायला जखमांची कमतरता होती का? मेलेला भाऊ, बुडालेला अल्बम, फुटपाथ. एक रडका अल्बम काढून सहानुभूतीवर तरला असता. त्याने उलट केलं. चेहरा झाकला, स्वतःबद्दल 'तो' म्हणून बोलायला लागला, आणि कार्टून, जुने खलनायक, खाण्याचे पदार्थ असल्या गोष्टींवर रॅप करत सुटला. २००९ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात लेखक ता-नहिसी कोट्सने त्याच्यावर लेख लिहिला, त्यातही त्याचा रोख हाच आहे की लोक गाणं ऐकायच्या आधी माणूस कसा दिसतो ते बघतात, मग ते बघणंच बंद करून टाकू.

पण दुःख गेलं कुठे? कुठेच नाही. 'डूम्सडे'वर एक गाणं आहे, नाव नुसतं प्रश्नचिन्ह. शेवटच्या कडव्यात तो अचानक भावाकडे वळतो. शंभर रकात (आवर्तनं) नमाज पढण्यापासून लेदरची जॅकेटं घेण्यापर्यंत सगळं बरोबर केलं, जुळ्यासारखे होतो, असं काहीसं, आणि पुढे चालू. व्हायोलिन नाही, हुंदका नाही. हे कडवं जर उघड्या चेहऱ्याने, डोळ्यांत पाणी आणून व्हिडिओत म्हटलं असतं तर मला ते इतकं लागलं नसतं, हे मी पैजेवर सांगतो.

या मुद्द्याला त्याचा स्वतःचाच पुरावा आहे. २००४ च्या 'एमएम..फूड' अल्बमवर (त्याच्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून केलेलं शीर्षक आणि बहुतेक गाणी खाण्यापिण्याच्या नावांची) 'रॅप स्निच क्निशेस' हे गाणं आहे. त्यात स्वतःचे गुन्हे स्वतःच रॅपमध्ये कबूल करणाऱ्यांची मनसोक्त टर उडवलीय. तेव्हा लोक हसले. २०२३ मध्ये अटलांटात यंग थग या रॅपरवरच्या खटल्यात न्यायाधीशांनी रॅपच्या काही ओळी पुरावा म्हणून मांडायला परवानगी दिली. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियाला अशा वापरावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला होता. 'गाणं म्हणजे चरित्र' ही बाजाराची अट सरकारी वकिलांनी शब्दशः घेतली, एवढंच.

आता 'मॅडव्हिलनी' हा अल्बम. मॅडलिब या बीट (रॅपमागचं संगीत) बनवणाऱ्याबरोबरचा, मार्च २००४, स्टोन्स थ्रो लेबल. २२ तुकडे, ४६ मिनिटं, ध्रुवपद जवळपास नाहीच. बरेचसे बीट मॅडलिबने ब्राझीलच्या दौऱ्यात हॉटेलच्या खोलीत, एक छोटा सॅम्पलर (रेकॉर्डचे तुकडे कापून वाजवणारं यंत्र) आणि प्रवासी टर्नटेबल घेऊन बनवले. (याच मॅडलिबने २००७ ला हिंदी सिनेसंगीताच्या जुन्या रेकॉर्ड कापून 'बीट कंडक्टा इन इंडिया' काढला. मुंबईच्या स्टुडिओंतली व्हायोलिनं तिकडच्या ड्रमवर कशी बसतात ते त्यात ऐका.) अल्बम येण्याच्या वर्षभर आधीच कच्ची प्रत इंटरनेटवर फुटली. मग डूमने बऱ्याच ओळी पुन्हा रेकॉर्ड केल्या, आवाज खाली आणून, संथ. मला वाटतं चोरांनी यावेळी उपकारच केले. जेवून सुपारी कातरत बसलेल्या माणसासारखा तो आरामशीर आवाज नसता तर हा अल्बम हा अल्बम झाला नसता.

त्याच्या यमकाबद्दल थोडं. साधा रॅपर ओळीच्या शेवटी जुळवतो. डूम अख्खी ओळ पुढच्या ओळीशी जुळवतो, चार-पाच-सहा अक्षरं सलग, आणि अर्थ कुठेतरी भलतीकडे निसटून जातो, मग दोन ओळींनंतर परत येतो. शाळेत मोरोपंतांच्या आर्या घोकून वैतागलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल, फक्त इथे पंत बिअर पिऊन बसलेत. 'मीट ग्राइंडर' आणि 'फिगारो' पुन्हा पुन्हा ऐका.

२००४ मध्ये बिलबोर्डच्या यादीत 'मॅडव्हिलनी' १७९ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. आज अनेक रॅपर डूमला गुरुस्थानी मानतात. असो.

भक्तांना आवडणार नाही असंही एक सांगतो. २००७ पासून काही कार्यक्रमांत त्याने मुखवटा घालून दुसऱ्याच माणसाला स्टेजवर पाठवलं. लोक तिकीट काढून आले, त्यांना ओठ हलवणारा तोतया मिळाला, काही ठिकाणी हुर्यो उडवण्यापर्यंत गेलं. डूमचं समर्थन असं की मी लेखक-दिग्दर्शक आहे, भूमिकेला नट कोण ते मी ठरवणार. कल्पना म्हणून लाजवाब. पण ज्या पोराने पॉकेटमनी साठवून तिकीट काढलं त्याला कल्पना विकलेली नव्हती, माणूस विकला होता. ज्याला स्वतःला कंपनीने फसवलं त्याने निदान हे करायला नको होतं. 'खलनायकाचा खेळ' म्हणून याचेही गोडवे गाणारे आहेत, त्यांना माझा दंडवत.

२०१० मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि परत येताना अमेरिकेने आत घेतलं नाही. लहानपणापासून तिथे वाढलेला, तिथे लग्न, तिथे पाच मुलं, अमेरिकी रॅपच्या इतिहासात नाव. पण नागरिकत्व कधी झालंच नव्हतं, पासपोर्ट ब्रिटिश. ज्या लंडनची त्याला धड ओळखही नव्हती तिथे तो अडकला. बायको-मुलांपासून जवळजवळ दोन वर्षं लांब. मग तेच तिकडे राहायला गेले. २०१२ चा 'की टू द कफ्स' हा अल्बम याच काळातला, लंडनच्या बोलीतले शब्द खेळवणारा. त्यातलं 'विंटर ब्लूज' वरवर थंडीचं गाणं आहे, खरं म्हणजे जवळच्या माणसाच्या स्पर्शासाठी तळमळणाऱ्याचं.

न्यू जर्सी, डॅलस, बे एरियातल्या आपल्या मंडळींना यातली भीती वेगळी समजवायला नको. आईबापांच्या ग्रीन कार्डच्या रांगेत मुलं एकवीस वर्षांची होतात आणि ज्या देशाशिवाय दुसरा देश नीट पाहिलेला नाही, तिथेच त्यांना स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. प्रकरण वेगळं, कायद्याची कलमं वेगळी, पण 'तू इथलाच' असं समाज म्हणतो आणि कागद म्हणतो 'नाही', ती फट तीच.

त्याच्या यमकांच्या ३१ वह्या लॉस एंजेलिसमध्ये राहून गेल्या. एका जुन्या सहकाऱ्याने त्या घेतल्या. स्टुडिओचं भाडं थकलं होतं, मालकाकडून विकत घेतल्या, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये बायकोला कोर्टात जावं लागलं, नंतर समझोता झाला. २०१७ मध्ये त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा गेला होता. स्वतः डूमच्या मृत्यूचं कारण २०२३ च्या चौकशीत पुढे आलं: रक्तदाबाचं नवं औषध सुरू केलं, त्याची रिअॅक्शन आली. कोविडचे दिवस, हॉस्पिटलात भेटायला बंदी. यात गूढ, शैली, खलनायकी काय आहे ते मला कुणीतरी दाखवा. गेलेल्या नवऱ्याबद्दल दोन महिने गप्प राहण्याचा हक्क बायकोला नसतो का?

२०२१ मध्ये लाँग बीचमधल्या त्याच्या जुन्या रस्त्याला केएमडी-एमएफ डूम वे असं नाव दिलं. ज्या देशाने जिवंत माणसाला दारातून परत पाठवलं त्याच देशात पाटी लागली. चांगलं झालं, पण त्या समारंभाचे फोटो मला फार वेळ बघवले नाहीत.

कुठून सुरुवात करू असं विचारणाऱ्यांना सगळे 'मॅडव्हिलनी' सांगतात. मी म्हणेन, नको. आधी 'मिस्टर हूड' ऐका, मग दाबून ठेवलेला तो 'ब्लॅक बास्टर्ड्स', आणि मग 'डूम्सडे'. याच क्रमाने. 'मॅडव्हिलनी' त्यानंतर. शब्द समोर उघडून ठेवा, पहिल्या फेरीत निम्म्या कोट्या डोक्यावरून जातील. माझ्या अजूनही जातात.