“नुसता साखरेचा पाक” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी-जावई घरी येणार म्हणून तुम्ही आमच्याकडून लिंबाच्या सिरपच्या ४ बाटल्या घेतल्या आणि पाहुण्यांसमोर तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पार्सल सकाळी पाहिजे होतं ते संध्याकाळी पोचलं, गाडीच उशिरा निघाली, ते आमच्या हातात नव्हतं पण सणाच्या दिवशी तुम्हाला वाट पाहावी लागली त्याचं आम्हाला पण वाईट वाटलं.

आता बाकीचं. तुम्ही १ स्टार दिला त्याचं एवढं नाही भाऊ, पण “नुसता साखरेचा पाक आहे, लिंबाचा वास सुद्धा नाही, २० रुपयाला ४ लिंबं मिळतात आणि हे २४० ला बाटली विकून लूट करताय” असं जे लिहिलंय ते वाचून रात्री झोप नाही आली. आमचं हे घरातून चालणारं काम आहे, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांवर वर्ष काढायचं असतं, आणि लोकं नाव शोधतात तर सगळ्यात वर तेच वाक्य दिसतं. म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

आम्ही पाक करतच नाही. लिंबाचं सिरप आम्ही गॅसवर ठेवतच नाही. लिंबाचा रस तापला की त्याची चव शिजल्यासारखी होते आणि कडवटपणा येतो, हे ज्यांनी घरी गरम पाकात रस ओतून बघितलंय त्यांना माहिती आहे. आम्ही साखर दळून घेतो आणि ती सरळ रसात टाकतो, स्टीलच्या पातेल्यात, वरून मलमलचं फडकं बांधून ठेवतो आणि येता-जाता लाकडी पळीने हलवत राहतो. आपल्या जळगावकडच्या उन्हात साखर हळूहळू रसातच विरघळते. पाण्याचा एक थेंब जात नाही त्यात. मग दोनदा गाळायचं आणि उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं. बस एवढंच आहे.

आता हिशोब सांगते, कारण तुम्ही हिशोब मांडला म्हणून. ७५० मिलीची एक बाटली म्हणजे वजनाला साधारण १ किलो माल. त्यात ६४० ग्रॅमच्या आसपास साखर आणि बाकी सगळा रस, म्हणजे ३५० ग्रॅमच्या वर. अन्नसुरक्षेच्या नियमात फळाच्या सिरपला रस कमीत कमी २५ टक्के लागतो, आमचा ३५ च्या वर जातो. एवढा रस काढायला कागदी लिंबं मध्यम आकाराची धरली तर १८-२० लागतात, आणि बी चिरडेपर्यंत आम्ही पिळत नाही कारण बियांचा कडूपणा उतरतो, त्यामुळे थोडा रस सालीतच राहून जातो. आता तुमच्याच भावाने धरा, २० ला ४, म्हणजे नुसत्या लिंबाचे ९० ते १०० रुपये झाले. साखर ३० ची. बाटली, झाकण, लेबल, पार्सलचा खोका, आतला पेंढा मिळून ४० च्या घरात. राहिले ७० रुपये, त्यात लिंबं धुवायला-कापायला येणाऱ्या बायकांची मजुरी, फुटलेल्या बाटल्या, लाईट बिल, सगळं. आम्ही लिंबं गोणीने घेतो म्हणून नग थोडा स्वस्त पडतो, पण गोणीतून सडकी, सुकी पण निघतात ती फेकावीच लागतात. यात लूट कुठे आहे सांगा.

आणि लिंबू उन्हाळ्यातच का महाग असतं ते पण सांगते. लिंबाचे बहार, म्हणजे फुलं-फळं धरायचे हंगाम, तीन, मृग, हस्त आणि आंबिया. उन्हाळ्यात जे लिंबू मिळतं ते हस्त बहाराचं, त्याला फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरला लागतात. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, आणि त्या वेळेला नेमका पाऊस चालू असतो, मग ताण बसणार कसा. म्हणून हस्त बहार थोड्याच बागांना साधतो, आणि मागणी मात्र सगळ्या देशाला तेव्हाच. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर लिंबू किलोला २०० च्या वर गेलं होतं, तुम्हाला आठवत असेल. पावसाळ्यात आंबिया बहाराचं लिंबू उतरतं तेव्हा कोणी विचारत नाही त्याला, पण तेव्हा सरबत कोण पितं.

साखरेचं म्हणाल तर ती आहे, जास्त आहे, ते आम्ही कधी लपवलं नाही, लेबलावर लिहिलेलं आहे. पण ती भरती म्हणून नाही टाकत भाऊ. लोणच्यात मीठ जे काम करतं तेच इथे साखर करते. विरघळलेला भाग, म्हणजे टाकलेली साखर आणि रसातलं मुळातलं विरघळलेलं मिळून, ६५ टक्क्यांवर असला की जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. नियमात पण सिरपला ६५ टक्केच लागतात, स्क्वॅशला ४० चालतात पण स्क्वॅशमध्ये मग बहुतेक करून प्रिझर्वेटिव्ह टाकावं लागतं, ते आम्ही टाकत नाही. प्रत्येक घाणा भरायच्या आधी मी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे हा विरघळलेला भाग मोजायच्या नळीवर, थेंब टाकून उजेडाकडे धरून बघते, ६५ च्या खाली रेघ दिसली तर बाटली भरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्यात पार्सल दिवसभर टपावर. साखर कमी केली तर तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर आंबून झाकण उडेल. मग तुम्हीच म्हणाल की खराब माल दिला, आणि तेव्हा तुमचं बरोबर असेल.

वासाचं. लिंबाचा जो जोरात वास येतो ना तो सालीतल्या तेलाचा असतो, रसाचा नाही. दुकानातल्या बाटलीचं झाकण उघडल्या उघडल्या नाकात जातो तो बऱ्याचदा एसेन्सचा. आम्ही साल घालत नाही, एसेन्स घालत नाही, हिरवा रंग तर अजिबातच नाही. त्यामुळे वास मंद येतो आणि रंग पिवळसर, जुनं झालं की थोडा तांबूस पण होतो. हे माहीत असून लोकं घेऊन जातात, धुळे-नंदुरबारपर्यंत जातं आमचं.

आता एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते, राग मानू नका. तुम्ही रिव्ह्यूमध्येच लिहिलंय की ४० ग्लासात चारही बाटल्या संपल्या. ४ बाटल्या म्हणजे ३ लिटर, म्हणजे एका ग्लासाला ७५ मिली सिरप पडलं. आमचं प्रमाण आहे २ मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, आणि त्याच्या पाचपट गार पाणी. फोनवर मी सांगितलं होतं, तुम्ही “हो हो ताई माहिती आहे” म्हणालात, घाईत होतात, मागे पाहुण्यांचा आवाज येत होता. अडीच पट सिरप टाकल्यावर ते गोडमिट्टच लागणार ना, कोणाचं पण असो. ७५ मिलीत ६० ग्रॅमच्या वर साखर जाते. नीट प्रमाणात केलं असतं तर एका बाटलीत २५ ग्लास, चारमध्ये १०० ग्लास झाले असते आणि ग्लासाला १० रुपये पण पडले नसते. रसवंतीवर सुद्धा आता बहुतेक ठिकाणी १० ला ग्लास मिळत नाही. आणि चिमूटभर मीठ टाकायचं असतं ते पण बहुतेक राहिलं.

तुम्ही डिस्काउंट मागितला तेव्हा सणाचं गिऱ्हाईक म्हणून आम्ही एका शब्दाने नाही म्हटलं नाही. एक बाटली उघडून चव बघून लगेच फोन केला असता तरी मी तिथेच सांगितलं असतं की पाणी वाढवा, बाकी तीन बाटल्या वाचल्या असत्या. सगळ्या संपल्यावर आठ दिवसांनी एकदम पब्लिकमध्ये लूट लिहिलं, ते लागलं. माझ्या सासूबाई म्हणतात “लोके काही बी म्हनतस, तू तुन्ह काम कर”, पण ही कृती त्यांच्याच हातची आहे आणि त्यांना मी तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचून नाही दाखवला.

तुमच्या बोलण्यावरून प्रमाण लेबलावर मोठ्या अक्षरात छापायचं ठरवतोय, पुढच्या छपाईला होईल, आणि कमी गोडाचं काहीतरी ताजं, फक्त गावातल्या गावात फ्रीजमधून द्यायचं, असा पण विचार आहे, बघू कसं जमतं ते. सणाच्या ऑर्डरी एक दिवस आधी पाठवायचा प्रयत्न राहील. किंमत आत्ता कमी करता येणार नाही, तसं खोटं सांगणार नाही.

तुमच्याकडे चारातली एखादी बाटली तळाशी थोडी उरली असेल तर एकदा २ चमचे सिरप, ग्लासभर माठातलं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून बघा. उरली नसेल तर जळगावला माझं येणं झालं की मी एक बाटली तुमच्या घरी पोचवते, पैसे नकोत. ते पिऊन पण हेच मत राहिलं तर १ स्टार तसाच ठेवा, माझी काही तक्रार नाही. फक्त “नुसता साखरेचा पाक” आणि “लूट” ही दोन वाक्यं काढता आली तर बघा भाऊ. सीझनचा अजून महिना बाकी आहे.