चेंडू ड्रायव्हरवर निवडू नका

सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसलोय.

आज गोल्फच्या सरावाला गेलो होतो. शेजारच्या मॅटवर पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी वेज घेऊन, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांची काठी घेऊन, मन लावून मारत होती. तिला स्वतःसाठी चेंडू ठरवायचा होता. सल्ला द्यायला उभ्या असलेल्या गृहस्थांनी तिच्याकडून ड्रायव्हरचे, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचे, चार फटके मारून घेतले, स्क्रीनवर वेग पाहिला आणि निकाल दिला, "तुझा स्विंग हळू आहे. प्रीमियम चेंडू तुझ्या कामाचा नाही. हा सॉफ्ट घे, बायका हाच घेतात." पोरीचा चेहरा उतरला. चार फटके, तेही ड्रायव्हरचे, आणि झालं फिटिंग! ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतापर्यंत, तिला कुणी नेलंसुद्धा नाही.

मलाही एकदा हेच सांगितलं होतं. मी इमानेइतबारे सहा महिने तो सॉफ्ट चेंडू खेळलो. मग ती मॅच आली. अठरावं होल, बरोबरी, मधे वाळूचा बंकर आणि चाळीस यार्डांवर झेंडा. फटका अगदी मनासारखा बसला. चेंडू झेंड्याच्या दोन हात अलीकडे पडला, एक टप्पा, दुसरा टप्पा, आणि मग जो सुटला तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर. मॅच गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटा त्याच जागी जाऊन उभा राहिलो. वेज तेच. दहा वेळा माझा चेंडू, दहा वेळा मित्राकडून मागून आणलेला प्रो व्ही१, टायटलिस्टचा प्रीमियम चेंडू. माझा पळत होता. त्याचा दुसऱ्या टप्प्याला जमीन धरत होता. हातात घेऊन पाहिलं तर त्याच्या कव्हरवर वेजच्या खाचांचे बारीक ओरखडे उठले होते, नखाला लागतील असे. माझा चेंडू गुळगुळीत.

सगळं त्या ओरखड्यांत आहे. प्रीमियम चेंडूचं कव्हर युरेथेनचं असतं, मऊ. खाचा त्याला पकडतात आणि स्पिन, म्हणजे फिरकी, मिळतो. साध्या चेंडूचं कव्हर बहुधा आयोनोमरचं असतं, कडक, त्यावरून वेज घसरतं. आणि डब्यावर लिहिलेलं "सॉफ्ट" हे कव्हरबद्दल नसतंच! ते कॉम्प्रेशनबद्दल असतं, म्हणजे फटक्याला चेंडू किती दबतो त्याबद्दल. आतून मऊ, वरून कडक असा चेंडू त्या मुलीच्या हातात दिला आणि वर नाव सॉफ्ट. हे तिला सांगायला नको?

ड्रायव्हरचा वेग माणसागणिक वेगळा असतो, मान्य. पण चाळीस यार्डांचा पिच, म्हणजे छोटा उंच फटका, व्यावसायिक टूरवरचा खेळाडूही हळूच मारतो. पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायची काठी, तर सगळेच हळू मारतात. ड्रायव्हर एका फेरीत फार तर चौदा वेळा बाहेर येतो. उरलेल्या फटक्यांचं काय? माझी ती मॅच ड्रायव्हरवर गेली नव्हती.

एके काळी ही निवड खरोखरच अवघड होती. रबराचा दोरा गुंडाळलेला, बलाटा या मऊ, रबरासारख्या कव्हरचा चेंडू छान थांबायचा, पण पटकन चिरायचा. कडक टू-पीस, म्हणजे नुसता गाभा आणि कव्हर असलेला, लांब जायचा, पण थांबायचा नाही. २००० साली प्रो व्ही१ आला, भरीव कोअर आणि वर युरेथेन, आणि ती ओढाताण बहुतांशी संपली. त्याला इतकी वर्षं झाली, तरी आमचे सल्लागार अजून तिथेच अडकलेत.

बरं, एका फेरीत चार-पाच चेंडू पाण्यात जात असतील तर साधा खेळा, मी अडवणार नाही. कमी स्पिनमुळे ड्रायव्हरचा स्लाइस, म्हणजे चेंडूचं बाजूला वळत जाणं, थोडा आवरतो, हेही खरं.

पण ज्यांना प्रीमियम चेंडू निवडायचाय त्यांनी होलकडून मागे यावं. आधी पटर, मग चिप, म्हणजे ग्रीनलगतचा बुटका फटका, मग तो चाळीस यार्डांचा पिच, मग आयर्न, म्हणजे मधल्या अंतराच्या काठ्या, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. प्रो व्ही१एक्स प्रो व्ही१पेक्षा उंच उडतो आणि हाताला कडक लागतो. टेलरमेडचा टीपी५ मऊ लागतो, टीपी५एक्स कडक. ज्याचा चेंडू मुळात खालून जातो त्याला उंच उडणारा उपयोगी पडेल, ज्याचा आधीच आभाळात जातो त्याला नाही. लांबीची जादू कुणाकडेच नाही. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि वेगा-अंतरावरही नियमांचा लगाम आहे. तो सगळ्यांना सारखाच. आणि एकदा ठरला की बदलू नका. दर आठवड्याला नवा चेंडू खेळलात तर किती टप्प्यांवर थांबेल हे हाताला कधी कळणार?

लिहिता लिहिता राग उतरला. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नसेल, त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असेल. मला वाईट वाटतंय ते पोरीचं. वेज इतकं सुंदर मारत होती. एकदा चेंडू ग्रीन ओलांडून गेला तेव्हा तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मीही त्या मॅचनंतर रात्रभर मनगटालाच दोष देत होतो.

निघताना मी तिला गाठलं. म्हटलं, तुझी काहीही चूक नाही, उद्या सकाळी चिपिंग ग्रीनवर ये. "काका, नक्की चालेल ना मला तो चेंडू?" म्हणाली. चार वेगवेगळे चेंडू बॅगेत टाकलेत, नावं झाकून, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची खूण केलीय. ड्रायव्हर घरीच ठेवतोय.