राऊंडला प्राध्यापक हवेत

जळगाव (२०१८) आणि नंदुरबार (२०२०) अशा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांतली मुलं इमारत-वसतिगृहावरून नाराज असतात, हे मेडिकलच्या मुलांच्या समाधानावरच्या लेखातलं विधान मला अर्धवट वाटलं. खानदेशातल्याच एका सरकारी कॉलेजात मी शिकलो. मेसची पातळ डाळ आम्ही हसत हसत खाल्ली. चिडचिड व्हायची ती वॉर्डात. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी भागातले सिकलसेलचे (आनुवंशिक रक्तविकाराचे) पेशंट, पावसाळ्यात सर्पदंश... पुण्या-मुंबईच्या मित्रांना हेवा वाटावा इतकं बघायला मिळायचं, पण बेडपाशी उभं राहून समजावणारं कोणी नसायचं. पदं रिक्त. कॉलेजच्या मान्यतेची तपासणी आली की दुसऱ्या कॉलेजातून प्रतिनियुक्तीवर मंडळी हजर, पथक गेलं की तीही गायब! इंटर्नशिपमध्ये तर आम्ही नमुने लॅबला पोचवण्यात आणि स्ट्रेचर ढकलण्यातच पटाईत झालो.

दुसरं म्हणजे भाषा. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्थानिक भाषेचे वर्ग आहेत, चांगलंच आहे. पण पावरी-भिली या इथल्या आदिवासी बोली कोण शिकवतंय? पावरी बोलणाऱ्या आजीच्या आजाराची हिस्ट्री आम्ही वॉर्डातल्या मावशींना मध्ये घालून घ्यायचो. समाधानाचं सर्वेक्षण करायचंच असेल तर मुलांना आधी एवढंच विचारा, गेल्या आठवड्यात प्राध्यापक किती वेळा राऊंडला आले?